आत्याबाई बऱ्या आहेत

कंपनी शहराला पाणी पुरवायची आणि कॉम्प्युटर विभाग कंपनीला अपडेटं पुरवायचा. पाण्याबद्दल लोक कधीमधी चांगलंही बोलत.

बाहेरून आलेलं अपडेट थेट खऱ्या ग्राहकांच्या सिस्टीमवर चढवायचं नाही, हा विभागाचा पहिला आणि बराच काळ एकमेव नियम. आधी ते प्रोग्रॅमरांच्या मशिनवर घालायचं, मग चाचणीच्या, मग खऱ्याची हुबेहूब नक्कल असलेल्या मशिनवर, आणि एवढ्या सगळ्यांतून निभावलं तर खऱ्यावर. कागदोपत्री या चार ठिकाणांना लांबलचक नावं होती. विभागात त्यांना अंगण, ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर म्हणत. ही नावं बोक्याने पाडली होती. "चिखलाचे पाय अंगणात धुवायचे," तो म्हणे, "चुलीपाशी येऊन नव्हे."

बोका म्हणजे सीनियर प्रोग्रॅमर. पावलं न वाजवता यायचा आणि सगळ्यांच्या चहासाठी ठेवलेलं दूध पिऊन जायचा, म्हणून बोका. त्याच्यावर विभागप्रमुख हेडमास्तर, जे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या स्वल्पविरामालाही उभं करून जाब विचारत. आणि तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी, म्हणून ती धाकटी.

आता धाकटीचे गुडघे बोलू लागले होते. चष्मे दोन होते, एक सापडत नसे आणि दुसरा पहिला शोधायला लागे. हेडमास्तर निवृत्त झाले, त्यांची खुर्ची तिच्याकडे आली. बोका मागच्या वर्षी गेला, तोही पावलं न वाजवता. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. धाकटी म्हणणारं आसपास कुणी उरलं नाही की आपोआप थोरलं व्हायला होतं, हे कुठल्या परिपत्रकात येत नाही.

त्या काळातलं तिच्याखेरीज आता ऑफिसात एकच माणूस शिल्लक होतं: आत्याबाई. आणि त्या मुळात नव्हत्याच.

चाचणीला खोटा ग्राहक लागतो. इतर ठिकाणी त्याला 'अबक' असं काहीतरी नाव देऊन मोकळे होतात. इथे बोक्याने आत्याबाई जन्माला घातल्या. त्यांचा पत्ता म्हणून ऑफिसचाच पत्ता दिला, आणि मग प्रत्येक अपडेटला त्यांच्या आयुष्यात काही ना काही घडू लागलं. पाण्याचा दाब नोंदवायची सोय आली तेव्हा त्यांना वरच्या मजल्यावर चढवलं. जोडणी वारसाच्या नावावर करायची सोय आली तेव्हा त्यांना मारलं. त्या नीट मेल्या, म्हणून पुन्हा जिवंत केलं. पुढच्या अपडेटला खात्रीसाठी आणखी एकदा मारलं. तक्रारीच्या रकान्यात किती मजकूर मावतो हे बघायला बोक्याने त्यांच्या वतीने लिहिलं, "पाणी वेळेवर येतं, पण आल्यासारखं वाटत नाही. हल्ली कुणाचंच येणं तसं वाटत नाही." रकाना तिथे संपला, नाहीतर तो थांबणाऱ्यातला नव्हता.

मग एकदा माजघरातला सगळा डबाच बोक्याने चुकून स्वयंपाकघरात उपडा केला. आत्याबाई खऱ्या ग्राहकांत जाऊन बसल्या. हे कळलं ते मीटर वाचणारा माणूस घाम पुसत विभागाच्या दारात येऊन "आत्याबाई इथंच राहतात का हो?" म्हणाला तेव्हा. हेडमास्तरांनी बोक्याला उभं केलं. पण तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, "राहू द्या. एक तरी ग्राहक आपल्या ओळखीचा असावा."

तेव्हापासून रिवाजच पडला. स्वयंपाकघरात अपडेट चढलं की आधी आत्याबाईंचं पान उघडायचं. ते धड उघडलं की उघडणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "आत्याबाई बऱ्या आहेत!" मग बाकीचे खुर्चीत मागे टेकत. त्याआधी कुणी टेकत नसे.

त्या रविवारी सकाळी मोठं अपडेट होतं. अंगण, ओसरी, माजघर बिनबोभाट पार पडलं. तिथल्या सगळ्या नोंदी मागेच पुसून नव्या बनावट भरल्या होत्या, त्यात आत्याबाईही पुसल्या गेल्या होत्या. त्या उरल्या होत्या फक्त स्वयंपाकघरात, आणि अपडेट नेमकं तिथे येऊन अडलं. पडद्यावर लिहिलं होतं: 'नोंद विसंगत. ग्राहक दोनदा मृत. सध्या हयात.'

नवे साहेब वयाने तिच्याहून बरेच लहान आणि तितकेच नम्र होते. ते वाकून वाचू लागले.

"मॅडम, या कोण?"

"आत्याबाई."

"कुणाच्या?"

"विभागाच्या."

साहेबांनी तो खुलासा पचवायचा प्रयत्न केला. "म्हणजे डमी. खऱ्या डेटात! डिलीट करा ना. दुपारपर्यंत झालं नाही तर सगळं मागे घ्यावं लागेल."

ते कॉफी आणायला गेले. धाकटीचं बोट डिलीटच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. एक कळ दाबली की बोका, त्याचं दूध, त्याची ती तक्रार, सगळं साफ. ही कळ तिने आजवर हजारदा दाबली होती. आज ती जड वाटत होती.

तिने हेडमास्तरांना फोन लावला.

"धाकटे, रविवारी फोन? काय पाडलंस?"

"आत्याबाई अडल्यात. दोनदा मेल्यात म्हणतं."

"मी तेव्हाच म्हणालो होतो, एकदा पुरे."

"दुसऱ्या मरणावर सही तुमचीच आहे."

"बोका समोर येऊन उभा राहायचा गं. सही केल्याशिवाय हलायचा नाही." मग त्यांनी जुना हेडमास्तरी आवाज काढला. "डिलीट करू नकोस. आपण ग्राहक पुसत नाही. रीतसर जोडणी बंद कर. बंद जोडणी अपडेट कुठे तपासतंय?"

"कारण काय देऊ? मृत्यू, घर पाडलं, स्थलांतर. एवढीच आहेत."

"मृत्यू नको. बाईने काय आयुष्यभर तेच करायचं?"

तिने स्थलांतर निवडलं. सिस्टीमने नवा पत्ता मागितला, तो दिल्याशिवाय पुढे जाईना. हा आडमुठेपणाही आपल्याच तिघांचा, हे आठवून तिला हसू आलं. तिने स्वतःच्या घरचा पत्ता टाकला. अपडेट हललं आणि शेवटपर्यंत गेलं.

सवयीने तिने आत्याबाईंचं पान उघडलं. 'जोडणी बंद' असं लिहिलेलं होतं, पण उघडलं धड. ती मोठ्याने म्हणायला गेली आणि ऐकायला कुणी नाही हे लक्षात येऊन हळूच म्हणाली.

"काय म्हणालात?" साहेब दोन कप सांभाळत दारात उभे होते.

"काही नाही. अपडेट झालं." मग ती खुर्चीत मागे टेकली.

पुढच्या आठवड्यात सुटीच्या दिवशी दाराची बेल वाजली. कंपनीचा माणूस होता, खांद्याला पिशवी, हातात पाना.

"आत्याबाई इथं राहायला आल्यात ना? जोडणी बघायला आलोय."

"बोलावलं कुणी?"

"बोलवावं लागत नाही. हद्दीतल्या हद्दीत घर बदललं की आपणहून माणूस पाठवायचा, असं सिस्टीमच काढून देते. फार जुना नियम आहे म्हणे. कुणी घातला, काय माहीत."

तिला माहीत होतं. त्या नियमावरून बोका हेडमास्तरांशी अख्खी दुपार भांडला होता. म्हाताऱ्या बाईने अर्ज घेऊन ऑफिसात खेटे का घालायचे? कुठली म्हातारी, हेडमास्तर ओरडले होते. बोका शांतपणे म्हणाला होता, आपली आत्याबाई. एवढी अपडेटं वरून गेली, नियम जागचा हलला नव्हता.

"त्या बाहेर गेल्यात," ती म्हणाली.

"आपण कोण?"

"मी भाची. धाकटी."

"मग कागदावर काय लिहू?"

"लिहा, बऱ्या आहेत." तिने दार पूर्ण उघडलं. "आणि बसा जरा. चहा टाकते. दूध आहे घरात."