सहा म्हणजे सहा

आमच्या समारंभांच्या धंद्यात पत्रिकेवर खोटी वेळ छापायची रीत आहे. कार्यक्रम सातला असेल, तर पाच छापतात. पंचाहत्तरी गाठलेल्या घड्याळजींनी मात्र मला बजावलं, "सहा छापा आणि सहालाच सुरू करा. माझी एवढीच हौस आहे."

त्यांचा मुलगा हसला. "बाबांचं काय ऐकता? रिकाम्या खुर्च्यांपुढे केक कापायचाय का?"

मी मात्र घड्याळजींना शब्द देऊन बसलो.

सहाला पाच मिनिटं असताना हॉलमध्ये घड्याळजी, मी आणि माझी बायको, एवढेच होतो. बायको म्हणाली, "अहो, निदान खुर्च्या तरी कमी करा!"

इतक्यात दार उघडलं. एक, दोन, दहा, मग रांगच लागली! सगळी त्यांची जुनी गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या मनगटावर त्यांनीच दुरुस्त केलेलं घड्याळ. सहाच्या ठोक्याला टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं!

वीस मिनिटांनी मुलगा धापा टाकत आला. "बाबा, केक कापलात पण?"

"कापला. तू दर वर्षी नवं घड्याळ घेतोस ना, त्यामुळे तुझ्याच घड्याळाला माझा हात लागायचा राहिला."