गाडीला शुक्रवारची माळ

सकाळी दार उघडलं की शेषगिरीरावांची नजर पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर जाई. रात्रभरात त्या बाजूला ती किती बसली आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांना फिल्टरची कापी गोड लागत नसे. देवळातली हत्तीण माणसाला पाठीवर घेण्याआधी एक पाय दुमडते, तशी ती लांबलचक पांढरी जर्मन गाडी राजवाड्यामागच्या गल्लीत वाकून उभी असे. किल्ली फिरवली की पोटातून घरघर येई, आणि दमेकऱ्याने छाती भरून घ्यावी तशी ती सावकाश उठे.

तिच्या चाकांवर स्प्रिंगांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे होते. त्या फुग्यांसाठीच तर घेतली होती ती.

भामाबाईंचं दुखणं मणक्यांत उतरलं, तेव्हापासून दर सोमवारी तिरुच्चीला औषध टोचून घ्यायला जावं लागे. पहिल्यांदा भाड्याच्या गाडीने गेले. वल्लमच्या पुढे एका खड्ड्यात चाक गेलं आणि भामाबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो शेषगिरीरावांनी चाळीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही. पुढच्याच आठवड्यात कुंभकोणमच्या एका भातगिरणीवाल्याची बारा वर्षांची जुनी गाडी दारात आली. वीज मंडळाने निवृत्तीला दिलेलं बरंचसं तिच्यात गेलं. नवी लहान गाडी त्याहून महाग पडली असती. पण लहान गाडीला हे फुगे नसतात.

पहिल्या सोमवारी मागच्या सीटवर आडवं होऊन भामाबाई तिरुच्चीपर्यंत गेल्या आणि उतरताना म्हणाल्या, "अहो, आलं का इतक्यात?" आणि तिथल्या तिथे जुन्या चालीवर एक ओवी जुळवली:

पांढरा माझा घोडा, पायीं त्याच्या वारा
हळू ने रे राजा, दुखऱ्या शरीरा

घोड्याची दुखणी मग एकेक करून दारात आली. आधी हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला. मग गिअर बदलताना गाडी उचकी लागल्यासारखी हिसकू लागली. मग तेल गळू लागलं, मग डॅशबोर्डावर कधी पिवळा, कधी तांबडा दिवा. शेजारचे कृष्णाजी ओट्यावरून म्हणायचे, "काय शेषण्णा, गाडी आहे की जावई? दर सणाला आहेर लागतो हिला!"

"लागू दे की. जावई तरी कुठे सासूला इतकं जपतो?" शेषगिरीराव म्हणायचे. हसायचेही.

दुरुस्तीला नटराज येई. मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. मोठा जीव लावून काम करी, पण प्रत्येक वेळी बिल सांगताना मान खाली घालून जमिनीशी बोले. "रायर सार, गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. सुट्या भागांची उतरत नाही. तो फुगा आजही नव्या गाडीच्याच भावाने येतो."

शेषगिरीराव देत गेले. तिरुवैयारूकडचा नारळीचा तुकडाही विकला. त्यांचं गणित सोपं होतं: भामा पाठीवर पडून तिरुच्चीला जाते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

भामाबाईंनी गाडीला घरातलंच धरलं होतं. दर शुक्रवारी नहाणं झालं की त्या मल्लीची, मोगऱ्याची माळ गुंफायच्या, भिंत धरधरून पायऱ्या उतरायच्या, आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेट संपतं तिथल्या जाळीवर ती माळ आडवी ठेवायच्या. हळद, कुंकू, फुलं, आणि वर तांब्याभर पाणी. जुन्या स्कूटरलाही त्यांनी तीस वर्षं असंच केलं होतं. ती स्कूटर कधी रस्त्यात बंद पडली नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

दिवाळीच्या सुमाराला ऐप्पसी महिन्याची झड लागली. तीन दिवस गल्लीतून पाणी वाहत होतं. रविवारी ऊन पडलं तेव्हा शेषगिरीरावांनी किल्ली फिरवली, आणि गाडी काही बोललीच नाही. दिवा नाही, घरघर नाही. चारही फुगे बसले होते. गाडी पोटाने जमिनीला टेकली होती.

नटराजने काचेच्या पायथ्याची प्लास्टिकची जाळी उचलली. खाली खोलगट पन्हळ होती आणि ती काठोकाठ भरली होती. त्या पाण्यात एक काळा डबा बुडालेला.

"हा गाडीचा मेंदू, सार," नटराज हळूच म्हणाला. "पाऊस पडला की पाणी इथून खालच्या भोकांतून निघून जातं. भोकं बुजलीत."

त्याने मनगटापर्यंत हात घातला आणि चाचपून काहीतरी ओढून काढलं. मूठभर चिखल निघाला. तपकिरी, मऊ, कुजका वास असलेला. त्यात केळीच्या सोपटाचा धागा होता आणि धाग्याला अजून गाठी होत्या. एकेका गाठीत दोन देठं, भामाबाई घालायच्या तशी गाठ. शेषगिरीराव ती रोज देवापुढे पाहत.

त्यांनी तो चिखल आपल्या मुठीत घेतला.

मग नटराज जमिनीशी बोलू लागला. नवा मेंदू परदेशातून मागवावा लागेल. दुसऱ्या गाडीचा काढून बसवावा म्हटलं तर ही किल्ली त्याला ओळखत नाही. वायरिंगमध्येही पाणी गेलंय. त्याने आकडा सांगितला. गाडी घेतली तेव्हाच्या किमतीहून तो फार खाली नव्हता. "माझी मजुरी नको मला," तो म्हणाला. "पण सार, खरं सांगतो, आता हिच्यात घालू नका."

वरच्या खिडकीतून भामाबाईंचा आवाज आला. "काय झालं हो आपल्या घोड्याला?"

शेषगिरीरावांनी मूठ झाकली. नटराजकडे पाहिलं. नटराजने ‘सांगत नाही’ अशी मान हलवली.

"उंदीर!" ते वर पाहून ओरडले. "उंदरांनी वायर खाल्ली."

"अय्यो! गणपतीचं वाहन माझ्या वाहनावर का रुसलं?" खिडकीतून हसू आलं, मग खोकला. "मीच चुकले. नुसती मल्ली वाहते. येत्या शुक्रवारपासून दूर्वाही वाहीन. नटराज, बरा होईल ना रे लवकर?"

"होईल अम्मा," नटराज म्हणाला आणि पान्हे गोळा करू लागला.

सोमवारी भाड्याची गाडी आली. तीन उशा, दोन गोधड्या खाली घातल्या. वल्लमच्या पुढे भामाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. सेंगिपट्टीला त्यांनी नवऱ्याचा हात धरला, आणि तिरुच्ची येईपर्यंत त्या हातात त्यांची नखं रुतली होती. परतताना तर त्यांना शुद्धच नीट नव्हती.

मंगळवारी त्या उठून बसल्या नाहीत. संध्याकाळी पेज घेताना म्हणाल्या, "आता भाड्याच्या गाडीने नक्को. आपला घोडा बरा होऊ दे, मग जाऊं."

"औषध चुकवायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"एक-दोन सोमवार गेले तर काय होतं? नटराज म्हणालाय ना लवकर होईल म्हणून? सरी मग." आणि कुशीवर वळल्या.

चेन्नईहून शांभवीचा फोन आला. "बाबा, तू तिला सरळ सांग की. गाडी संपली, आता टॅक्सीच. ती हट्ट सोडेल."

"का संपली म्हणून विचारेल ती, शांभू."

"मग सांग का ते."

लेकीला तरी कुठे सांगितलं होतं त्यांनी! "बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी मनात वाक्यं जुळवून पाहिली. उंदराचं खोटं होतं भामा. ती वाक्यं तिथवर येत आणि पुढे भोकं बुजल्यासारखी तुंबून राहत. न सांगावं तर ती घोड्याची वाट पाहत पडून राहणार. सांगावं तर ती उद्याच टॅक्सीत बसेल, एक शब्द न बोलता, आणि पुन्हा कधी कशालाच फूल वाहणार नाही. दुखणं तिला नेईल ते नेईल, त्याआधी हे.

शुक्रवारी सांगायचंच, असं ठरवून ते सकाळी तिच्या खोलीत गेले. भामाबाईंनी पडल्यापडल्याच माळ केली होती. गाठी सैल होत्या. मधे मधे दूर्वा.

"मला आज उतरवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाहाल का? खिडकीशी बसवा मला तेवढं. बघते."

"भामा, ऐक."

"बोला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने केस विंचरले होते. कुंकू लावलं होतं. सोमवारनंतर पहिल्यांदाच.

"काही नाही," ते म्हणाले. "पाणी तांब्याभर, ना?"

"तांब्याभर. आणि जाळीवर आडवी ठेवा, माझ्यासारखी. नीट."

ते खाली आले. कृष्णाजींनी ओट्यावरून पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. गाडी जमिनीला पोट टेकून बसली होती. शेषगिरीरावांनी बॉनेटवरची धूळ धोतराने पुसली. काचेच्या पायथ्याशी, जाळीवर माळ आडवी ठेवली, नीट. हळद लावली, कुंकू लावलं. मग तांब्या कलता केला. पाणी फुलांवरून जाळीत उतरलं, आणि खाली कुठेतरी थेंबथेंब साचत असल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.

त्यांनी वर पाहिलं. खिडकीत भामाबाईंनी हात जोडले होते.