रुपापुढची फळी

मी प्लायवूडची फळी बोलतेय. खांडबाऱ्याच्या बाजारात अभिनंदनभाऊंचं कापडदुकान आहे आणि शेजारच्या खोलीत त्यांचं छोटंसं केबल न्यूज चॅनेल. सुताराने मला कापलं तेव्हा वाटलं, आपलं कपाट होणार. पण माझं काम निघालं लपवण्याचं!

झालं असं, की रुपा बातम्या वाचायला आली. आवाज असा, की कॅमेरावाला नवल हातातला चहा विसरला. पण मुलगी चाकांच्या खुर्चीत. भाऊंनी नोकरी दिली आणि वर म्हणाले, "तुन्हा आवाज चांगला शे. पन लोकेसले खुर्ची दिसाले नको."

"भाऊ, मी तोंडघाई बातम्या वाचस, पायघाई नही."

बातम्या तोंडाने वाचतात, पायाने नाही, हे भाऊंनी हसण्यावारी नेलं. माझ्यावर लाल रंगात चॅनेलचं नाव काढलं आणि मला टेबलापुढे बसवलं.

बाहेर दोन पायऱ्यांचा ओटा. रोज नवल आणि रुपाचे वडील सुपडूआबा तिला खुर्चीसकट उचलून आत आणत. बघणारे भाऊंच्या मोठ्या मनाचं कौतुक करत. मला मात्र तिच्या गुडघ्यांपुढे उभं राहायची लाज वाटे.

एकदा बातमी आली, की एका सरकारी कचेरीला उतार नाही, दिव्यांगांचे हाल होतात. रुपाने ती वाचली, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "उतार आमच्या चॅनेललाही नाही. मलाही रोज उचलून आणतात."

भाऊ भडकले. "हाई काय करं तू? आपलीज इज्जत काढी!"

"मी काय खोटं सांगं?"

दुसऱ्या दिवशी ती ओट्याखालीच थांबली. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. आबा उचलायला वाकले, तर म्हणाली, "नही आबा. मी काय गाठोडं शे? मन्हा चाकेसवर मी मझार जासु. नही तं आज बातम्या भाऊज वाचतीन."

पोरीची नोकरी गेली, या धास्तीने आबांचा चेहरा उतरला. बातम्यांची वेळ होत आली. भाऊ तणतणत आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि पेचकस घेऊन टेबलापुढचे माझे स्क्रू काढायला बसले.

नवलने मला ओट्याला टेकवलं. रुपाने चाकं घट्ट धरली आणि सगळा जोर लावून वर चढली. मी वाकले, कुरकुरले, पण मोडले नाही.

त्या संध्याकाळी गावाने खुर्ची पाहिली. फोन एकच आला, उद्या लाईट कधी जाणार ते परत सांगा म्हणून.

आता मी ओट्यावरच असते. लाल अक्षरं चाकांखाली पुसत चालली आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. पण मी प्लायवूड, पावसात फुगणारच. भाऊ, सिमेंटचा पक्का उतार बांधा आणि मला खुशाल चुलीत घाला. रुपाला माझ्यावाचून आत जाता आलं पाहिजे.