गयाबाई कन्या ऑनलाइनचा सातवा नियम

वेरूळच्या अलीकडं एका वस्तीवर राहणाऱ्या भिकनला पोरीच्या शिक्षणापेक्षा पोरीच्या रस्त्याची काळजी जास्त होती. प्रांजली आठवी पास झाली आणि पुढचं हायस्कूल निघालं चार किलोमीटरवर. वाटेत टारगट पोरं मोटारसायकली लावून उभी असायची. त्या पोरांना तिथून हलवावं असं वस्तीत कोणाच्या मनात आलं नाही. पोरींना घरी बसवावं, हे मात्र सगळ्यांना एकदम सुचलं.

तेवढ्यात पत्रक आलं. शहरात, शहागंजातल्या कापडाच्या दुकानावर एका खोलीत तात्यासाहेब नावाच्या गृहस्थांनी गेल्या वर्षी आपल्या आईच्या नावानं ‘गयाबाई कन्या ऑनलाइन हायस्कूल’ काढलं होतं. पत्रकात फायदे दिले होते. मुलगी डोळ्यांसमोर राहते. वर्गात मुलगे नाहीत. मधल्या सुट्टीत घरकामाला हात लागतो. अभ्यासाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, शाळेच्या पत्त्याच्या जरा वर होता.

भिकनला सगळ्यात आवडला तो सातवा नियम. तास चालू असताना खोलीत किंवा पडद्यावर कोणीही पुरुष असू नये. असल्यास विद्यार्थिनीची गैरहजेरी लागेल. “अशी शिस्त पायजे,” म्हणत त्यानं सही ठोकली. वस्तीतल्या आणखी सहा बापांनीही ठोकली.

पहिल्या दिवशी अकराला प्रांजलीनं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. मोबाईल थोरल्या भावाचा, आदिनाथचा. तो तीन वाजेपर्यंत सोडताना त्याचा चेहरा पडला होता. पलीकडं शहरातल्या गारखेड्यातून, आपल्या घरून करुणा मॅडम शिकवत होत्या. त्यांचे वडील बुद्धभूषण पोस्टातून रिटायर झालेले. लेकीचा तास सुरू व्हायच्या आत ते विहारातल्या वाचनालयात जाऊन बसत. त्यांना कोणी नियम दाखवला नव्हता.

“प्रांजली, तुझ्या मागं कोण झोपलंय?” मॅडमनी विचारलं.

“पप्पा. पहाटं शेळ्या घेऊन गेले होते.”

“नियम सात,” मॅडम म्हणाल्या आणि गैरहजेरी मांडली.

घर एका खोलीचं. दुसऱ्या दिवसापासून भिकन बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं लिंबाखालून हाक दिली, “प्रांजे, चहा ठेव.” ती हाक एकेचाळीस पोरींनी ऐकली. मॅडमनी शांतपणे सांगितलं की बाहेरचा आवाज आत आला म्हणजे माणूसही आत आला असं धरलं जाईल. प्रांजलीची आई वेरूळच्या पार्किंगजवळ पेरू विकायला गेलेली असायची. मग चहा कोणी करायचा? आठवडाभर भिकननं चहाच सोडून दिला.

तिकडं खोलीत वेगळंच घडत होतं. गावातल्या शाळेत प्रांजली आठ वर्षांत एकदाही आपणहून बोलली नव्हती. तिथं बाईंनी विचारलं की पुढच्या बाकावरची पोरं ओरडून उत्तर देत, आणि पोरीचं चुकलं की आठवडाभर तिला त्याच चुकीनं चिडवत. इथं तिसऱ्या आठवड्यात तिनं हात वर केला. चमच्याच्या खोलगट बाजूत आपण उलटे का दिसतो, असं तिनं विचारलं. कोणी हसलं नाही. उलट चार पोरी चमचे घेऊन आल्या.

वस्तीवरच्या पारावर आता अकरा ते तीन सात बाप आणि त्यांची थोरली पोरं बसू लागली. येणारा-जाणारा विचारायचा, “काय वो, कशापायी बसलात?”

“शाळा सुटायची वाट बघतोय,” भिकन सांगायचा.

शेवटी सातही जण जीप करून शहागंजात गेले. तात्यासाहेब कळवळले. “अहो, तो नियम परक्या पुरुषांसाठी आहे. घरचे पुरुष म्हणजे संरक्षण.”

“मंग मॅडमला सांगा की. त्या म्हणत्यात, कागदावर ‘कोणीही’ लिवलंय.”

शाळेच्या वर्धापनदिनी आपण स्वतः विद्यार्थिनींना समजावू, असं तात्यासाहेबांनी कबूल केलं. व्याख्यानाचा विषय ठरला ‘कन्याशिक्षणाचे फायदे’. वक्ते पाच, पाचही पुरुष. एक साखर कारखान्याचे माजी संचालक होते, एक फेटा बांधून आले होते. पडद्याची कळ मात्र करुणा मॅडमच्या हातात होती, कारण ती कशी चालवायची हे शहागंजात कोणालाच येत नव्हतं.

हारतुरे सुरू झाले तशी प्रांजलीनं हात वर केला. ती त्या महिन्याची वर्गप्रमुख होती.

“मॅडम, पडद्यावर पाच पुरुष दिसतायत. गैरहजेरी कोणाची लावायची?”

 मॅडमनी शहागंजचं चित्र आणि आवाज दोन्ही बंद केली, आणि भिंगांचा राहिलेला धडा पुढं घेतला. शहागंजात पाच जण सव्वा तास एकमेकांसमोर बोलले. टाळ्याही त्यांनीच वाजवल्या.

दोन दिवसांनी तात्यासाहेबांना झाला प्रकार कळला. त्यांनी मॅडमना फोन केला. “तुम्हाला काढून टाकायला पाहिजे मी.”

“काढा ना सर. फक्त कारण लेखी द्या.”

तेच त्यांना जमेना. कालच्या पेपरात फोटोसह बातमी आली होती: विद्यार्थिनींनी मान्यवरांचे विचार तल्लीन होऊन ऐकले. ते कात्रण तात्यासाहेबांनी फ्रेम करून टेबलामागं लावलंही होतं. मॅडम राहिल्या. नियमही राहिला. पारावरच्या बापांनी पुढं पत्त्यांचा डाव मांडला, आणि दिवाळीनंतर भिकननं तीन दगडांची चूल करून बाहेरच चहा उकळायला घेतला.

दोन वर्षांनी प्रांजलीला दहावीत विज्ञानात ब्याण्णव मिळाले. तिनं शहरातल्या कॉलेजचा अर्ज बापापुढं ठेवला.

“तिथं पोरं असतील,” भिकन म्हणाला.

“असतील.”

“लई असतील.”

“व्हय. पण मला आता इचारायला भ्याव वाटत नाय, पप्पा. हसले तर हसू देत.”

भिकन बराच वेळ अर्ज उलटासुलटा करत राहिला. त्याला पत्रक आठवलं नाही, नियम आठवला नाही. एवढंच कळलं की समोर बसलेली पोर परवानगी मागायला आलेली नाही. ती सांगायला आली आहे.

“होस्टेल किती तारखेला उघडतंय?” त्यानं विचारलं.

“सोळा जुलैला.”

“पेटी लागंल मंग,” तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.