लाळेऱ्याचे बंद

आमच्या अपघात विभागात बेशुद्ध माणूस आला की डॉक्टर जिवाकडे बघतात आणि आम्ही खिशांकडे. नियमच आहे तसा. अंगावरचं जे काही असेल ते दोघांच्या देखत काढायचं, कापडी पिशवीत भरायचं, तोंड बांधून लाखेचं सील मारायचं आणि पिशवी सामानखोलीत ठेवायची. मग ती उघडणार एकतर रुग्ण स्वतः, नाहीतर सही करून नातेवाईक. कुणाची तरी अंगठी पूर्वी इथून गायब झाली, तेव्हापासून हे सुरू झालं. अंगठी सापडली नाही ती नाहीच, नियम मात्र आमच्या उरावर बसला.

सामानखोली सांभाळतात ते भिंगकाका. चष्म्याच्या काचा जाड, म्हणून भिंग, आणि वय बघून काका. या माणसाला एकच नाद. खिशातून निघालेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि माणूस कोण, घरी कोण, स्वभाव कसा ते सांगायचं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ना, ते यांच्याकडून शिकावं. एकदा एका गृहस्थाच्या खिशात नुसते गोड गोळ्यांचे चुरगळलेले कागद निघाले. काका म्हणाले, "याला साखरेची बंदी आहे आणि बायको कडक आहे." तासाभरात बायको आली आणि तिनं कागद बघून बेशुद्ध नवऱ्यालाच झापायला सुरुवात केली. एका कॉलेजच्या पोरीच्या पर्समध्ये दोन गुळगुळीत दगड होते. "कुत्र्यांना घाबरते," काका म्हणाले. तेही खरं निघालं. मग काय, हरभऱ्याच्या झाडावर चढायला एवढं पुरतं. सगळा विभाग त्यांच्याशी पैजा लावायचा. हरेल त्यानं चहाचे कप धुवायचे, आणि काकांचे हात काही कधी साबणाला लागले नाहीत.

मी इथली मुख्य परिचारिका. तोंडावर सिस्टर, पाठीमागे तिखटबाई. मला दोन्ही चालतं.

त्या दिवशी दुपारी रुग्णवाहिकेचा चालक एका म्हाताऱ्याला घेऊन आला. चालकाला आम्ही भोंगा म्हणतो, कारण गाडी बंद असतानाही याचा आवाज चालू असतो. "बेकरीच्या कोपऱ्यावर स्कूटरनं उडवला," तो दारातूनच ओरडला. "स्कूटरवाला पळाला. ओळखणारं कुणी नाही." म्हाताऱ्याच्या डोक्याला मार होता. श्वास ठीक, शुद्ध नाही. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले आणि कपडे माझ्या हातात आले.

शर्टाच्या खिशात आतल्या बाजूनं सेफ्टी पिननं अडकवलेली एक किल्ली होती. जाड, कुलपाची. पिन इतकी पक्की लावलेली की काढताना माझ्या बोटात घुसली. मग रुमालात गुंडाळलेला छोटा चमचा. प्यायची एक वाकडी नळी. पाकिटात थोडे पैसे आणि एका लहान पोराचा फोटो. फोन नाही, पत्ता नाही. हातातल्या पिशवीत फक्त टॉवेलच्या कापडाचं शिवलेलं एक लाळेरं. त्यावर रक्त उडालं होतं म्हणून ते धुऊन मागच्या खोलीत दोरीवर टाकलं. ओली वस्तू पिशवीत घालायची नाही, हाही नियमच. पायांत स्पंजच्या चपला, घरात घालतात तसल्या.

भिंगकाकांनी सगळ्यावरून एक नजर फिरवली आणि हात मागे बांधले. हात मागे गेले की समजायचं, निकाल तयार आहे.

"आजोबा आहेत," ते म्हणाले. "लेकीच्या शेजारी राहतात. लेक नोकरीला जाते, नातू पाळणाघरात. त्याला आणायला निघाले होते. चमचा, नळी, लाळेरं, सगळं नातवाचं."

"आणि किल्ली?" मी विचारलं.

"बायको गेलेली दिसते. एकट्या माणसाचं घर बाहेरूनच बंद होतं, सिस्टर. आत माणूस असेल तर कुलूप कोण लावतं?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मीही मान डोलावली. पिशवीला सील बसलं, पोलिसांना कळवलं आणि आम्ही जवळपासच्या पाळणाघरांना फोन करत बसलो. सगळीकडे एकच उत्तर. दुपारी न्यायची ती मुलं नेली, कुणाचा आजोबा यायचा राहिलेला नाही. "म्हणजे लेकीनं नेला असणार पोराला," काका म्हणाले. "संध्याकाळी वडील दिसले नाहीत की येईल शोधत." त्यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी चहा टाकला. नातू सुखरूप, आजोबा डॉक्टरांच्या हातात, मग घाई कसली?

उन्हं कलली तेव्हा मी मागच्या खोलीत वाळलेलं लाळेरं काढायला गेले. घडी घालायची तर त्याचे बंद आवरेनात. लांबच लांब. मी दोन पोरं वाढवलीत, लाळेरी शिवलीत, बंद केवढे लागतात ते मला ठाऊक आहे. हे बंद तान्ह्या पोराच्या मानेला तीन वेढे घेऊन उरले असते. मी ते माझ्या गळ्याशी धरले आणि मागे गाठ मारली. बरोब्बर बसलं.

तशीच उभी राहिले.

मोठ्या माणसाचं लाळेरं. चमच्यानं भरवावं लागणारं, नळीनं पाणी पाजावं लागणारं मोठं माणूस. भरवायचं सामान हातासरशी तसंच बरोबर घेऊन, घरातल्याच चपला घालून पटकन जाऊन येतो म्हणून निघालेला म्हातारा. आणि शर्टात पिन मारून जपलेली कुलपाची किल्ली.

लाळेरं गळ्यात तसंच ठेवून मी सामानखोलीकडे पळाले. "काका, पिशवी फोडा."

"नातेवाईक आले?"

"नातेवाईक घरात कोंडलेलं आहे! ते काय खिडकीतून सही करणार आहे?"

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे. हा माणूस मूर्ख नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. त्यांचा चेहरा उतरला तो माझ्या डोळ्यांदेखत. तरी तोंडानं म्हणालेच, "सील आहे, सिस्टर. उद्या चौकशी झाली तर?"

"चौकशीला मी उभी राहीन. दुपारपासून तिथं कुणीतरी तहानेनं तळमळतंय आणि आपण इथं चहा ढोसतोय! कात्री द्या."

कात्री त्यांनी दिली नाही. स्वतःच दोरा कापला. किल्लीबरोबर मी नळीही उचलली.

मी हाताखालच्या नर्सकडे विभाग सोपवला, डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि आम्ही तिघं निघालो. भोंग्यानं गाडी अशी हाणली की काका वाटेत देवाचं नाव घेत होते. कोपऱ्यावर बेकरीवाली दुकान आवरत होती. म्हाताऱ्याचं वर्णन सांगताच तिनं ओळखलं.

"हो, येतात की रोज. कडा कापलेला पाव घेतात. कधी दोन शब्द बोलायचे नाहीत, सदा घाई. आज पडले ते तेच होय? मी आत भट्टीपाशी होते हो, मला काय माहीत!"

"राहतात कुठे?"

"त्या मागच्या गल्लीत शिरतात. घर नाही माहीत."

गल्लीत दोन्हीकडे दारं आणि निम्म्या दारांना कुलपं. माणसं कामावरून यायची होती. मी पहिल्याच कुलपात किल्ली घालायला गेले, ती शिरेना. दुसऱ्याला शिरली पण फिरेना. एका घरातून एक बाई डोकावली आणि आम्हाला चोर समजून भांडायला उठली. माझ्या अंगावर गणवेश, भोंग्याच्या अंगावर गणवेश, तरी तिचं आपलं चालूच. भोंग्यानं तिला तिच्याच पट्टीत उत्तर दिलं. कधी नव्हे तो त्याचा आवाज कामी आला.

काका मात्र माझ्यामागे आले नव्हते. ते गल्लीच्या मधोमध उभे राहून दारांवरच्या झरोक्यांकडे बघत होते. "सिस्टर, इकडे," ते म्हणाले. "बाहेर कुलूप आहे आणि आत पंखा फिरतोय."

किल्ली शिरली. फिरली.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. दार ढकलताना मी खूश होते. बंदांवरून ओळखलं, काकांना चितपट केलं, घर सापडलं, कुलूप उघडलं. किल्ली हातात उंच धरून, तोंडभर हसत मी आत शिरले.

एकच खोली, स्वच्छ. भिंतीला लागून पलंग, त्यावर साठीच्या पुढची एक बाई. एक अंग गेलेलं. केस विंचरून वेणी घातलेली, बारीक आणि जरा जास्तच घट्ट पण नीट, पुरुषाच्या हातची. उशाशी स्टुलावर ग्लास होता, रिकामा. अंथरूण ओलं झालं होतं. ओठ सुकून पांढरे पडले होते. पण डोळे चांगले जागे होते.

अनोळखी माणसं घरात घुसली की कुणीही ओरडेल. निदान कोण तुम्ही, असं तरी विचारेल. हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती किल्लीकडे बघत होती.

मी हात खाली घेतला. हसू कुठे ठेवावं मला कळेना. कोपऱ्यातल्या माठातून मी घाईघाईनं ग्लास भरला, नळी घातली आणि तिच्या तोंडाशी नेली. "आधी पाणी घ्या, ताई. दुपारपासून काही नाही पोटात."

तिनं ओठ मिटून घेतले. जीभ जड होती तिची, शब्द ओढून आणावे लागत होते, पण एकेक शब्द स्वच्छ होता.

"किल्ली त्यांनी दिली की तुम्ही काढलीत?"

इतकी वर्षं मी लोकांचे खिसे रिकामे करतेय. हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता आणि माझ्याही मनात कधी आला नव्हता. दाराशी काका उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला लाज वाटली. नुसती नाही, चांगली घाम फुटेल इतकी.

"काढली," मी म्हटलं. "ते आहेत. श्वास चालू आहे. शुद्धीवर नाहीत अजून."

तिनं डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं ते पुसायला तिचा हात वर आला, निम्म्यात थांबला आणि परत खाली गेला. मी लाळेऱ्याच्या टोकानं ते पुसलं. गळ्यातून काढायचं राहूनच गेलं होतं. त्यानंतर तिनं दोन घोट पाणी घेतलं, माझ्या समाधानासाठी घेतल्यासारखं.

"मला न्या त्यांच्याकडे."

भोंगा पुढे झाला. दिवसभर माणसं उचलतो तो, त्याचे हात सराईत. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "असं नाही." तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हळू आवाजात विचारलं, "मग कसं?"

"आधी मान," ती म्हणाली. "मग मी हात टाकते गळ्यात. मग उचला. ते तसं उचलतात."