आधी ही, नंतर ती

माझी धाकटी बहीण परदेशातल्या एका इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती आणि मला तिला एकदा डोळे भरून पाहायचं होतं. भाच्यानं फोनवर काही लपवलं नाही. "मावशी, फुप्फुसं पार गेलीत. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन आठवडे. आई रोज विचारते, ताई निघाली का?"

माझी सून दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करते. संगणक म्हणजे तिच्या हातचा मळ. ती म्हणाली, "आई, हल्ली त्या देशात जायला रांगेत उभं राहावं लागत नाही. घरबसल्या परवानगी मागायची, एक-दोन दिवसांत येते." स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती एकेक प्रश्न वाचू लागली.

"तुम्ही कधी दहशतवादी संघटनेत होता का?"

"संसारातून सवड कुठे मिळाली?"

"आई, नीट सांगा. मला 'नाही'वर टिचकी मारायची आहे."

शेवटी कोणाकडे जाणार ते विचारलं होतं. सुनेनं बहिणीचं नाव लिहिलं, नातं सख्खी बहीण, दोघींच्या आईचं नाव, आणि भाच्यानं पाठवलेली बहिणीची जन्मतारीख.

दुसऱ्या दिवशी परवानगीऐवजी प्रश्न आला. एकाच आईच्या दोन मुलींच्या जन्मात तीन महिन्यांचं अंतर कसं, याचा खुलासा करा.

सून माझ्याकडे बघतच राहिली. खुलासा साधा होता. आम्हा दोघींना वडिलांनी एकाच दिवशी शाळेत घातलं. मी दीड-दोन वर्षांनी मोठी, पण ती माझ्याहून वीतभर उंच. सगळे तिला शिडी म्हणायचे. मास्तरांनी जन्मतारखा विचारल्या. वडिलांना कुठल्या ठाऊक असायला? ते म्हणाले, "आधी ही, नंतर ती." मास्तरांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एकच साल धरलं, मला मार्च दिला आणि तिला जून. आधी-नंतर तेवढं बरोबर लिहिलं. वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे पाय पुढच्या बाकाला लागायचे, माझे जमिनीला टेकत नसत. त्या तारखा पुढे दाखल्यावर गेल्या, दाखल्यावरून पासपोर्टवर, आणि इतक्या वर्षांत कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

सुनेनं हे सगळं जमेल तसं लिहून पाठवलं. चार दिवस उत्तर नाही. मदतीच्या नंबरावर एक बाई गोड आवाजात आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं एकच वाक्य बोलत राहायची.

"आई, नवा अर्ज करू," सून म्हणाली. "नात्याच्या जागी 'मैत्रीण' लिहू. मैत्रिणीची जन्मतारीख कोण तपासतो?"

तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. बहिणीच्या नाकात नळी होती, गाल आत गेले होते. मी तिला विचारलं.

"मैत्रीण?" ती धापा टाकत हसली. "शाळेत तर ओळख द्यायची नाहीस. म्हणायचीस, ही शिडी माझी कोणी नाही."

"तू माझी रिबन चोरायचीस म्हणून."

"लिही गं ताई. वैरीण लिही. पण ये."

सुनेनं लिहिलं, मैत्रीण. संध्याकाळीच उत्तर आलं. तुम्ही एकाच व्यक्तीशी दोन वेगळी नाती सांगितली आहेत. दोन्ही अर्ज चौकशीसाठी थांबवले आहेत. सून डोक्याला हात लावून बसली. "माझंच चुकलं," म्हणत राहिली. तिला काय बोलणार? पोरीनं जीव तोडून केलं होतं. आजारी माणसाला भेटायचं असेल तर अर्ज लवकर बघा, असं सांगायला कुठे जागा आहे का, तेही तिनं शोधलं. नव्हती.

बॅग भरून दाराशी उभी होती. सून दवाखान्यातून दर तासाला फोन करायची, "अजून नाही हो आई." मी फोन उचलायच्या आधीच मला कळायचं.

नवव्या दिवशी भाच्यानं फोन बहिणीच्या उशीवर ठेवला. "बोल मावशी, तिला ऐकू येतं." मला फक्त छत दिसत होतं आणि तिचा श्वास ऐकू येत होता, भोक पडलेल्या फुग्यासारखा. मी बोलत राहिले. आपल्या जुन्या घराच्या मागच्या पायऱ्या, आई आपल्या वेण्या किती घट्ट घालायची, तू पहिल्यांदा शिवलेला फ्रॉक एका बाजूनं कसा आखूड झाला होता. मध्येच एक परिचारिका वाकली आणि छत झाकलं गेलं. मग भाच्याचा चेहरा आला आणि तो म्हणाला, "मावशी, बास आता."

दुपारी सून घरी आली ती चप्पल न काढताच लॅपटॉपपुढे बसली. अर्जाच्या पहिल्याच पानावर एक चौकोन होता, जवळच्या नातेवाइकाच्या अंत्यविधीसाठी तातडीची परवानगी. तो आम्ही आधीही पाहिला होता. पाहून दोघींनी नजर वळवली होती. तिनं तिथे खूण केली आणि भाच्यानं पाठवलेलं इस्पितळाचं पत्र जोडलं. नातं, बहीण. या वेळी तिची जन्मतारीख विचारलीच नाही.

तासाभरात तिचा आवाज आला, "आली! आई, परवानगी आली!" आणि लगेच तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जायचं मन नव्हतं. जिच्यासाठी जायचं तीच उरली नव्हती. पण भाचा म्हणाला होता, "मावशी, ये ना. इथे मी एकटाच आहे."

तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस? दुभाष्या बाईनं मराठीत सांगितलं. मी म्हटलं, उद्या सकाळी विधी आहे, मग लगेच परत. त्यानं शिक्का मारला आणि मागच्या माणसाला हातानं पुढे बोलावलं.