रिकाम्या हुकावरचे दीड किलो

मित्रांनो, माझ्याबरोबर जरा कल्पना करा. मे महिन्यातली दुपार आहे. नागपूरच्या हुडकेश्वर भागातले एक लहानसे घर, त्याला पुढे जाळी लावलेला व्हरांडा. कूलर घुमतो आहे आणि घरातली माणसे पेंगली आहेत. व्हरांड्याच्या छताला झोपाळ्याची एक जुनी कडी आहे. त्या कडीला एक गोल काटा लटकतो आहे. त्याच्या हुकाला काहीही अडकवलेले नाही. पिशवी नाही, दोरी नाही, साधी चिंधीसुद्धा नाही. तरी त्याची सुई शून्यावर नाही. ती दीड किलोवर उभी आहे.

आता सांगा, त्या हुकाला काय लटकले असेल?

तो काटा मीच. मी एक जुना टांगता काटा आहे. वर कडी, खाली हूक, मध्ये घड्याळासारखी पांढरी तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग. पंचवीस किलोपर्यंतचे ओझे मला तोलता येते. निदान पूर्वी येत असे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तबकडीवरचे नाव केव्हाच पुसले गेले. मला आठवते ते भिवापूर. तिथे मिरची वाळवायच्या मोठ्या पटांगणाला सातरा म्हणतात. मी त्या सातऱ्यावर होतो. जिकडे पाहावे तिकडे लाल. बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडत, आणि जितके किलो मिरची खुडली तितकी मजुरी त्यांना मिळे. ते किलो मी सांगत असे. माझ्याशेजारी उभे राहून आकडा मोठ्याने वाचणारे मापारी होते बाबाराव. त्यांची बायको रुखमाबाई त्याच बायकांत बसे.

बाबारावांची एक रीत होती. प्रत्येक तोलाआधी ते माझा हूक रिकामा करत आणि टोपली घेऊन आलेल्या बाईला म्हणत, "आधी रिकामा काटा पाय, बाई. मंग टोपली." बाईने शून्य पाहिले, मान हलवली, की मगच टोपली चढायची. आणि तोल झाला रे झाला, की ते खालून तळहात लावून टोपली उतरवत. माझ्या स्प्रिंगला हिसका बसू देत नसत. कधी थंडीत माझी सुई शून्याच्या जरा पुढे थांबलीच, तर बाबाराव आधीच सांगत, "एवढं काट्याचं, ते सोडून तुझं."

एकदा सातऱ्याच्या मालकाने त्यांना बाजूला घेतले. माझ्या डोक्यावर एक लहान स्क्रू आहे. तो फिरवला की सुई मागेपुढे सरकते. मालक म्हणाला, थोडा मागे घे, म्हणजे टोपलीमागे पावकिलो कमी दिसेल. बाबाराव म्हणाले, "शेठ, खोटं बोलाचं असन तं तुम्ही बोला ना. काट्याले काहून शिकवता?"

तो स्क्रू तेव्हापासून कोणी फिरवला नाही.

पुढे विजेवर चालणारे काटे आले आणि मला भंगारात टाकायचे ठरले. बाबारावांनी मला घरी आणले. त्यांची मुलगी कौसल्या लग्न होऊन कोराडीला निघाली तेव्हा तिने भांड्यांबरोबर मलाही मागून घेतले. तिचे यजमान अंकुशराव तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला होते. क्वार्टरच्या मागच्या दारी मी लटकत असे, माझ्या तबकडीवर रोज राखेची बारीक भुकटी बसे आणि कौसल्या ती पदराने पुसे. शेजारच्या बायका चिंच, गहू, रद्दी तोलायला येत. कौसल्याही बापासारखीच आधी रिकामा काटा दाखवी आणि वस्तू खालून तळहात लावून उतरवी. "कौसल्याबाईचा काटा खोटा नाही बोलत," असे म्हणत. ते माझे कौतुकाचे दिवस.

मग तेही संपले. अंकुशराव निवृत्त झाले, हुडकेश्वरला घर बांधले आणि मी एका पत्र्याच्या पेटीत गेलो. किती वर्षे, कोण जाणे. मधे एकदाच मला बाहेर काढले. नात झाली होती, गार्गी. सव्वा महिन्याच्या गार्गीला लुगड्याच्या झोळीत घालून माझ्या हुकाला अडकवले. साडेतीन किलो भरली. मिरचीखेरीज इतके लाल काही मी कधी तोलले नव्हते.

गार्गी दहा वर्षांची झाली तेव्हा कौसल्याने मला पुन्हा पेटीतून काढले, कारण तिला परदेशात जायचे होते.

छप्पन साली तिच्या आईबापांनी नागपूरला येऊन धम्माची दीक्षा घेतली होती. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे, हे कौसल्याला लहानपणापासून ठाऊक होते. ती म्हणे, "आपल्या झाडाचं माहेर आहे ते. एक डाव पाहून येऊ म्हणते." पेन्शनीत बसेल अशी सहल ती दोन वर्षे शोधत होती. शेवटी धर्मेंद्र नावाच्या एका तरुणाची सहल तिला सापडली. तो छोटे छोटे गट घेऊन जाई. सात दिवस, सहा रात्री. विमान, बस, नाश्ता, सगळे त्यात. स्वस्त होती, कारण एका खोलीत दोघांनी राहायचे. मोठी बॅग वीस किलोची, हातातली पिशवी सात किलोची, त्याहून जास्त चालणार नाही.

म्हणून मी.

कौसल्या रोज बॅग माझ्यावर चढवी. वंदनेसाठी पांढरी साडी, अंकुशरावांचे स्वेटर, चिवडा, आणि भिवापुरी तिखटाच्या दोन पुड्या. धर्मेंद्र फोनवर हसला होता. "काकू, तिकडचे लोकंबी तिखट खातेत जी."

"खात असन," कौसल्या म्हणाली. "भिवापूरचं तं नाही ना?"

हातातल्या पिशवीत तिने एका वहीत दीक्षाभूमीवर गळून पडलेले पिंपळाचे पान ठेवले होते. ते माहेरच्या झाडापाशी ठेवायचे होते. त्याचे वजन मला कधीच कळले नाही.

एक चूक मात्र तिने केली. मापाऱ्याच्या मुलीने करू नये अशी. रोज जड बॅग काढून-घालून तिचे हात दुखू लागले, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे लटकून. एक एक वस्तू टाकत जाईन, काटा पाहात जाईन." बॅग माझ्यावरच राहिली. माझी स्प्रिंग रोज कणाकणाने ताणत होती. मला तक्रार करता येत नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिने चिवड्याची शेवटची पुडी बॅगेत सारली. माझी सुई वीसवर आली. "बरोब्बर," ती म्हणाली. मग एका हाताने बॅगेला धरून ती हळूच खाली बसली, आणि पुन्हा उठली नाही.

बॅग तशीच लटकत राहिली. लोक आले, वंदना झाली, लोक गेले. फेब्रुवारीत धर्मेंद्रचा गट श्रीलंकेला जाऊनही आला; अंकुशरावांनी त्याला फोनवर "यंदा जमत नाही" एवढेच कळवले होते. बॅगेला हात लावायचे धाडस घरात कोणालाच झाले नाही. मार्चमध्ये सून दीप्तीने डोळे पुसत ती उतरवली. माझी सुई मागे मागे आली आणि दीडवर थांबली.

अंकुशराव शेजारीच उभे होते. त्यांनी रिकाम्या हुकाकडे पाहिले, तबकडीकडे पाहिले.

"गेली नाही ते," ते म्हणाले. "हे पाय. आहे."

त्या दिवसापासून ते रोज दुपारी माझ्याखाली खुर्ची टाकून बसत आणि सहलीचा कागद मला वाचून दाखवत. "पहिला दिवस कोलंबो. आराम. ऐकून राहिली ना वं? तिसरा दिवस अनुराधापूर." तिथे आले की माझी सुई थरथरे.

तुम्ही म्हणाल, कूलरचा वारा. मीही तसेच समजत होतो. मग एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला, जाळीवरचे पानही हलेना. अंकुशरावांनी "तिसरा दिवस" वाचले आणि माझी सुई थरथरली. त्याच वेळी व्हरांड्यात ताज्या कुटलेल्या मिरचीचा खकाणा आला आणि दारात उभ्या गार्गीला तीन शिंका आल्या. घरात त्या दिवशी कोणी मिरची कुटली नव्हती. मी वजन सांगणारा. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

अंकुशरावांनी धर्मेंद्रला पुन्हा फोन केला. दिवाळीच्या सुट्टीतल्या गटात दोन नावे लिहायला सांगितले. मे महिन्यात धर्मेंद्र कागद न्यायला घरी आला. अंकुशरावांनी त्याच्यापुढे दोन पासपोर्ट ठेवले.

"काकू झोपल्या का जी? एक सही लागत होती त्यांची."

"ते काय तिथं." अंकुशरावांनी माझ्याकडे बोट दाखवले.

धर्मेंद्रने वर पाहिले. मग खुर्चीमागे पाहिले. मग हातातला पाण्याचा गिलास जपून खाली ठेवला.

दीप्ती आतून आली. "भाऊ, आई नोव्हेंबरातच गेल्या."

धर्मेंद्रने कौसल्याचा पासपोर्ट हळूच अंकुशरावांकडे परत सरकवला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, मले माहीत नव्हतं जी. पण मंग तुमच्याजवळ दुसरं नाव पाहिजे. एकट्याले अख्ख्या खोलीचा भाव पडते. नाही तं असं करतो, भंडाऱ्याचे मनोहरराव आहेत, एकटेच येऊन राहिले. त्यांच्यासंग टाकून देतो तुम्हाले. माणूस चांगला आहे. फकत घोरते."

"तिच्या खाटेवर परका माणूस?"

"काका, विमान वजन पाहाते, पासपोर्ट पाहाते. बाकीचं त्याले नाही समजत जी. रविवारपावतर सांगा."

तो गेल्यावर अंकुशराव म्हणाले, "तं मंग राहू दे. दोघं जाऊ, नाही तं नाही जात." आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. शुक्रवारी जेवले नाहीत. शनिवारी दुपारी त्यांनी मला कागदही वाचून दाखवला नाही. नुसते पाहत बसले.

रविवारी दुपारी दीप्ती पेचकस घेऊन व्हरांड्यात आली. मागे गार्गी होती.

"त्याची स्प्रिंग ढिली झाली आहे, बाकी काही नाही," दीप्ती म्हणाली. "स्क्रू फिरवला की येते शून्यावर. मंग तरी बाबाले समजन."

"आई, आबाजी रडतीन ना."

"आता काय हसून राहिले ते?"

दीप्ती स्टुलावर चढली. पेचकस स्क्रूच्या खाचेत बसला. पण तिने पेचकसावर जोरच दिला नाही. मी मोजतो ना, म्हणून सांगतो, तिला तो फिरवायचा नव्हता. ती खाली उतरली, पेचकस गार्गीच्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच कर वं. माह्याच्यानं नाही होत." आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

गार्गी स्टुलावर चढली. तिचा श्वास माझ्या तबकडीवर आला.

"आजी?" तिने विचारले.

माझी सुई थरथरली.

मित्रांनो, त्या घटकेला मी भ्यालो होतो. सुई शून्यावर आली असती तर मी कदाचित खरा काटा झालो असतो, आणि त्या म्हाताऱ्याचे सारे गेले असते. आली नसती तर तो पुढची सारी वर्षे रिकाम्या हुकाखाली बसून राहिला असता. गार्गीने पेचकस खाली ठेवला. स्टुलावरून उतरली, आत गेली. कपाटे उघडल्याचे आवाज आले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात आजीची पिशवी होती, आणि पिशवीत तिचे स्वतःचे फ्रॉक, टोपी आणि पिंपळाचे पान ठेवलेली ती वही. पिशवी तिने माझ्यावर चढवली, काहीतरी काढले, पुन्हा चढवली, पुन्हा काहीतरी घातले. मग उतरवून खाली ठेवली.

"आबाजी, या ना इकडे!"

अंकुशराव धोतर सावरत बाहेर आले. "काय करून राहिली वं?"

"आधी रिकामा काटा पाहा. आजी नेहमी म्हणे ना."

त्यांनी चष्मा लावला. "दीड."

"हे आजीचं. आता पिशवी." तिने पिशवी हुकाला अडकवली. "आता?"

माझी सुई फिरली, डोलली आणि थांबली.

"सात," अंकुशराव म्हणाले.

"हातातल्या पिशवीले सातच चालते ना? म्या साडेपाच किलोच घेतलं. दीड तिचं सोडून ठेवलं." गार्गी जरा थांबली. "दुसऱ्या खाटेवर मी झोपीन आबाजी. मी नाही घोरत."

अंकुशराव हसले की त्यांनी हुंदका दिला, ते मला कळले नाही. त्यांनी जाळीला धरले. दारात दीप्ती उभी होती. "पासपोर्टच्या फोटोले वेणी घालावी लागन हिची," ती म्हणाली, आणि धर्मेंद्रला फोन लावायला आत गेली. सहल दिवाळीत होती. वेळ होता.

मुलांनो, आता माझे थोडे ऐका. आम्ही काटे ओझे झेलायला असतो, सांभाळायला नाही. आमच्यावर वस्तू चढवा, आकडा वाचा आणि लगेच उतरवा. आणि घरातले कोणी दिवसेंदिवस एखादे ओझे तसेच लटकवून बसलेले दिसले, तर त्याला हसू नका, ते ओझे ओरबाडूनही घेऊ नका. खालून हात लावा.

सगळे आत गेल्यावर गार्गीने पिशवी खालून तळहात लावून उतरवली, एक हिसका बसू दिला नाही. मग ती पुन्हा स्टुलावर चढली. माझ्या रिकाम्या हुकाखाली तिने हात धरला आणि हूक हळूच वर उचलला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा माझी सुई शून्यावर आली. आत फोनवर चाललेल्या बोलण्याकडे लक्ष न देता, दंड भरून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली, काहीतरी जड झेलल्यासारखी.